लॉन आणि वाफ्यांना प्लास्टिकची एजिंग पट्टी: ठाणे-नवी मुंबईतल्या बागवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नेरुळला रो-हाऊसमध्ये राहतो, समोर जेमतेम दोनशे स्क्वेअर फूट हिरवळ आणि कडेला तीन वाफे, एवढाच माझा बागेचा संसार. पण ही पट्टी मी स्वतः दोनदा बसवलीय (पहिल्यांदा चुकीची, ते पुढे सांगतोच) आणि नंतर घोडबंदर रोडच्या नातेवाइकांपासून खारघरच्या मित्रांपर्यंत बऱ्याच जणांकडे शनिवार-रविवार कुदळ घेऊन गेलोय. सगळे तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

ही पट्टी म्हणजे नक्की काय आणि लावायची कशाला?

लवचिक प्लास्टिकची लांब पट्टी, रोलमध्ये येते, जमिनीत उभी पुरायची, वर बोटाच्या जाडीएवढी कड दिसते. एका बाजूला लॉन, दुसऱ्या बाजूला वाफा, मधे ही. काम दोनच, गवताला वाफ्यात घुसू द्यायचं नाही आणि वाफ्यातली माती, खत, सुका पाला लॉनवर किंवा पेव्हर ब्लॉकवर येऊ द्यायचा नाही. शोभेसाठी लावतात ते वेगळं, मला विचाराल तर चांगली बसलेली पट्टी दिसतच नाही, फक्त रेष दिसते.

दुकानात एजिंग म्हटलं तर कळतं, नाहीतर "गार्डन बॉर्डर" म्हणा. नर्सरीत काही जण वर कुंपणासारखी नक्षी असलेले प्लास्टिकचे छोटे तुकडे काढून देतात, पांढरे किंवा हिरवे, ते हे नव्हे. ते नुसते मातीत टोचायचे असतात आणि पहिल्या मोठ्या पावसात आडवे होतात.

विटा तिरक्या लावल्या तर काय वाईट? आमच्या आजोबांनी तसंच केलेलं.

काही वाईट नाही, मलाही दिसायला विटाच आवडतात. पण दोन विटांच्या फटीतून गवत येतं ते येतंच, आणि आपल्याकडच्या पावसात विटेवर शेवाळ धरतं, दोन-चार वर्षांत कोपरे झडायला लागतात, खाडीजवळच्या खारट जमिनीत तर लवकरच. लाकडी ओंडके लावाल तर ते कुजतात आणि वाळवीला आमंत्रण. सिमेंटचा कर्ब पक्का असतो पण उद्या वाफा फूटभर पुढे न्यायचा म्हटलं की ब्रेकर आणा. प्लास्टिकचा खरा फायदा वळणांना, आणि नंतर मन बदललं तर उपटून परत लावता येण्याला आहे. सरळ रेषेचाच वाफा असेल आणि विटा घरात पडून असतील तर खुशाल विटा लावा, उगाच पैसे घालवू नका.

कुठलं प्लास्टिक घ्यायचं? सगळ्या काळ्या पट्ट्या सारख्याच दिसतात.

एचडीपीई (हाय डेन्सिटी पॉलिथिलीन) असेल तर उत्तम. दुकानदाराला माहीत नसतं, तुम्ही स्वतः पट्टीवर त्रिकोणातला आकडा बघा, २ म्हणजे एचडीपीई, ३ म्हणजे पीव्हीसी, ५ म्हणजे पीपी (पॉलिप्रॉपिलीन). आकडाच नसेल तर टोक हातात धरून पूर्ण उलटं दुमडून बघा, पांढरी रेष पडली आणि चुरचुरल्यासारखं वाटलं तर सोडून द्या, ती दोन उन्हाळ्यांत तडकणार.

रंगाबद्दल: काळाच घ्या. काळा रंग येतो कार्बन ब्लॅकमुळे आणि तोच उन्हातल्या अतिनील किरणांपासून प्लास्टिकला वाचवतो, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आणि शेतातले ठिबकचे पाईप काळे असतात ते याच कारणाने. हिरवी पट्टी गवतात लपेल म्हणून घेतात लोक, पण स्वस्तातला हिरवा रंग उन्हात विटतो आणि मग ना हिरवी ना पांढरी अशी काहीतरी पोपटी-फिकट वस्तू बागेत फिरवल्यासारखी दिसते.

उंची किती हवी? ४ इंची की ६ इंची?

नुसतं मेक्सिकन किंवा कार्पेट लॉन असेल तर ४ चालते. आजूबाजूला हरळी असेल तर ६ घ्या, भांडू नका. वर लॉनच्या मातीपासून १ ते २ सेंटीमीटरच ठेवायची, बाकी सगळी जमिनीत. अर्धी वर ठेवली म्हणजे जास्त माती अडेल असं वाटतं पण तशी पट्टी एका महिन्यात बाहेरच्या बाजूला झुकते आणि येता-जाता पाय अडकतो.

प्लास्टिकबंदी आहे ना महाराष्ट्रात? हे चालतं का?

चालतं. २०१८ ची बंदी पिशव्या, एकदा वापरून फेकायच्या ताटल्या-पेले-चमचे, थर्माकोल असल्या गोष्टींवर आली. जमिनीत वर्षानुवर्षं राहणारी पट्टी त्यात येत नाही. आता बागेत प्लास्टिक पुरायचं की नाही हा तुमच्या मनाचा प्रश्न, मी त्यात पडत नाही.

किती मीटर लागेल ते कसं काढू?

सुतळी टाका जिथे पट्टी हवी तिथे, वळणांसकट, मग ती सुतळी सरळ करून मोजा. एवढंच. गोल वाफ्याला व्यास गुणिले ३.१४, म्हणजे ४ फुटी गोल वाफा असेल तर साडेबारा फूट. त्यावर दहा टक्के जास्तीचं धरा जोडासाठी आणि चुकांसाठी.

एक गंमत सांगतो. ६ बाय १० फुटाचा वाफा, घेर झाला ३२ फूट, आणि १० मीटरचा रोल म्हणजे ३२.८ फूट. आमच्या मेव्हण्याला वाटलं देवानेच माप जुळवून दिलं. कोपऱ्यांची गोलाई, शेवटचा जोड आणि एक चुकलेला काप एवढ्यात तो रोल दीड फूट कमी पडला आणि दुकानदार काही दीड फूट देत नाही. भाव विचारताना रनिंग फुटाचा की मीटरचा तेही विचारा, मीटरला ३.२८ फूट असतात, घासाघीस करताना हे विसरलं की स्वस्त वाटलेली पट्टी महाग पडते.

वर्षात कधी बसवावी?

हत्ती बरसून गेला की. म्हणजे हस्ताचा पाऊस संपला, जमीन आतून ओली पण चिखल नाही, साधारण दसऱ्यानंतर ते नोव्हेंबरअखेर. चर मऊसूत निघतो, गवत अजून वाढीला असतं त्यामुळे चराच्या कडेला झालेली जखम दोन-तीन आठवड्यांत भरून येते.

मे महिन्यात लोकांना सुट्टी असते म्हणून मे मध्ये करतात. करा, पण आदल्या रात्री त्या रेषेवर पाणी सोडून ठेवा, नाहीतर कुदळ नुसती टणटण उडते. आणि मे मध्ये बसवणार असाल तर खालचा पाण्याचा प्रश्न दोनदा वाचा, कारण पंधरा-वीस दिवसांत परीक्षा आहे.

आता सांगा, बसवायची कशी?

आधी पट्टी रोलमधून काढून उन्हात आडवी पसरा, दोन्ही टोकांवर विटा ठेवा, तास-दोन तास राहू द्या. आपल्याकडे ऊन फुकट आहे, वापरा. गुंडाळीचा वळसा निघून जातो आणि पट्टी सापासारखी उसळत नाही. ही पायरी लोक टाळतात आणि मग एक जण पट्टी दाबून धरायला, एक ठोकायला, तिसरा शिव्या द्यायला असा कारखाना चालू होतो.

तोवर रेष आखून घ्या. सरळ भागाला दोन खुंट्या आणि लाईनदोरी. वळणाला पाण्याचा पाईप जमिनीवर टाका, पाईप स्वतःच छान गोलाई देतो, लांबून बघा, वरच्या खिडकीतून बघा, बायकोला दाखवा (हे मी गमतीने नाही म्हणत, नंतर बदलायला लागतं), पसंत पडलं की पाईपच्या कडेने फक्की टाका, आणि फक्की नसेल तर रांगोळीचं पीठ. वळण मोठं आणि ओघवतं ठेवा, नागमोडी फार करू नका, लॉन मशीन तिथून फिरणार आहे हे लक्षात ठेवा.

मग चर. रुंदी कुदळीच्या पात्याएवढी, खोली पट्टीच्या उंचीपेक्षा थोडी कमी. महत्त्वाची गोष्ट, लॉनकडची भिंत एकदम उभी कापायची, फावडं किंवा जुना कोयता सरळ खाली दाबून, आणि वाफ्याकडची बाजू उतरती चालेल. पट्टी त्या उभ्या भिंतीला टेकून बसते. निघालेली माती लॉनवर टाकू नका, घमेल्यात किंवा गोणपाटावर टाका, नाहीतर गवतातून ती माती काढण्यात संध्याकाळ जाते. दगड, मुळ्या निघाल्या तर काढूनच टाका, पट्टी दगडावर बसली तर तिथे कायमचा उंचवटा राहतो.

पट्टी चरात ठेवा, वरची कड एका पातळीत आहे का बघा. डोळ्याने बघून फसायला होतं, गवंडी लोकांची पाण्याची लेव्हल ट्यूब मिळाली तर घ्या. मग खुंट्या, त्या वाफ्याच्या बाजूने तिरक्या, ४५ अंशात, पट्टीच्या खालच्या भागातून लॉनखाली जातील अशा ठोकायच्या, म्हणजे लॉनवरून खुंटी दिसत नाही आणि पट्टी भिंतीला ओढून धरली जाते. सरळ भागात दोन-अडीच फुटांवर एक, वळणावर फुटाफुटावर, आणि दोन्ही टोकांना व जोडाच्या दोन्ही बाजूंना एकेक जास्तीची. रबरी हातोडा असेल तर बरा. पाकिटात येतात तेवढ्या खुंट्या कधीच पुरत नाहीत, १० इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले) खिळे जास्तीचे आणून ठेवा.

जोड वळणावर येऊ देऊ नका. सोबत कनेक्टर मिळाला तर ठीक, नाहीतर दोन टोकं सहा इंच एकमेकांवर चढवून सेल्फ टॅपिंग स्क्रू मारा. काटकोनी कोपरा हवा असेल तर पट्टी मोडून दुमडू नका, तिथेच ती तडकते. एकतर दोन वेगळे तुकडे कोपऱ्यावर आणा किंवा बुटाच्या टोकाएवढी गोलाई द्या. सगळं झालं की दोन्ही बाजूंनी माती भरा, आधी अर्धी, पायाने दाबा, पाणी टाका, मग उरलेली. एकदम भरली तर खाली पोकळ राहते.

पट्टी लावल्यावर वाफ्यात पाणी तुंबतं असं ऐकलंय. खरं का?

खरं, आणि हाच या सगळ्या पानावरचा खरा मुद्दा आहे. बाकी चुका दुरुस्त होतात, ही चूक झाडं मारते.

हिशोब करून बघा. ६ बाय १० चा वाफा म्हणजे साधारण साडेपाच चौरस मीटर. १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि जुलैत आपल्याकडे एका दिवसात तेवढा पडणं ही काही बातमी नाही, तर त्या एका वाफ्यात साडेपाचशे लिटर पाणी आलं. गच्चीवरची ५०० लिटरची टाकी ओतली असं समजा. हवामान खातं १०० ला नुसतं "जोरदार" म्हणतं, "अत्यंत जोरदार" म्हणायला एका दिवसात २०४.४ मिमीच्या वर जावं लागतं. आधी हे पाणी हळूहळू लॉनवरून गटाराकडे जात होतं. तुम्ही मधे प्लास्टिकची भिंत घातली. आता ते कुठे जाणार?

माझं पहिल्या वर्षी हेच झालं. मे अखेरीस बसवली, एकदम घट्ट, एक फट नाही, शेजारचे काकाही म्हणाले काय फिनिशिंग आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वाफ्याची टाकी झाली, सदाफुली मुळापासून सडली, अबोलीने मान टाकली, कर्दळ तेवढी मजेत होती कारण तिला पाणीच आवडतं. वर डास. पालिकेची माणसं फवारणीला आली तेव्हा त्यांनी कुंडीखालच्या ताटल्यांबरोबर हा वाफाही दाखवून बोललेलं आठवतंय.

उपाय सोपा आहे पण आधी करायचा. चर खणायच्या आधी बादलीभर पाणी वाफ्यात ओता आणि उभं राहून बघा ते कुठे पळतं. ज्या बाजूला पळतं ती खालची बाजू. तिथे पट्टीची वरची कड लॉनच्या मातीच्या पातळीलाच ठेवा, वर अजिबात काढू नका, आणि पट्टीत वाफ्यातल्या मातीच्या जरा वर बोटभर जाडीची भोकं पाडा, चार-पाच फुटांवर एक, ड्रिलने किंवा तापवलेल्या सळईने (सळई उघड्यावरच तापवा, धूर वाईट असतो, आणि पीव्हीसीची पट्टी असेल तर फक्त ड्रिल). भोकाच्या आतल्या बाजूला मूठभर खडी टाकली की माती बाहेर येत नाही. मोठा वाफा असेल तर खालच्या टोकाला चार इंचाची सरळ फट सोडा आणि तिथे गोटे रचा, छानही दिसतं.

वाफ्यातली माती पट्टीच्या कडेपेक्षा दीड-दोन इंच खालीच ठेवा. कोकोपीट आणि नारळाच्या काथ्याचे तुकडे तरंगतात, कडेपर्यंत भरलंत तर पहिल्या सरीत सगळं लॉनवर पसरेल.

एका वर्षात पट्टी वर आली / वेडीवाकडी झाली. काय चुकलं?

युट्यूबवरचे व्हिडिओ बहुतेक थंड देशातले, तिथे जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि पट्टी वर ढकलली जाते. नेरुळ-कोपरखैरणेत बर्फ कुठला, पण आपल्याकडे तेच काम काळी चिकणमाती करते. पावसात फुगते, मे मध्ये आकसून भेगा पडतात, आणि प्रत्येक वेळी खुंटी थोडी थोडी सैल होते. उपाय म्हणजे लांब खुंट्या, जवळ जवळ, आणि चर भरताना मातीत वाळू किंवा बारीक मुरूम मिसळणं.

दुसरं कारण उष्णता. एचडीपीई तापलं की लांब होतं, १० मीटर पट्टी २० अंश जास्त तापली तर साधारण ३ सेंटीमीटर वाढते. सकाळी गार असताना दोन टोकं भिंतींना घट्ट भिडवून बसवलीत तर दुपारी तिला जायला जागा नाही, मग ती मधेच फुगा धरते. टोकाला दोन बोटं जागा सोडा, कनेक्टर पूर्ण आत दाबू नका.

खुंट्या आतच जात नाहीत, चार इंचावर ठक्क होतं.

हो, कारण तुमच्या बागेखाली बाग नाहीये. नवी मुंबईत कितीतरी सेक्टर खाजण आणि मिठागरांच्या जमिनीवर भराव घालून उभे राहिलेत, वर मुरूम, त्यावर बिल्डरने टाकलेलं रॅबिट (बांधकामाचा राडारोडा), आणि अगदी वर पाच-सहा इंच लाल माती, फोटोपुरती. ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला उलट, तिथे काळा दगडच वर येतो. प्लास्टिकच्या खुंट्यांचा हट्ट सोडा, त्यांची टोकं मोडतात. आधी १० किंवा १२ मिमीची सळई ठोकून भोक पाडा, काढा, मग त्यात जीआय खिळा घाला. खाडीच्या हवेत साधा लोखंडी खिळा लवकर गंजतो म्हणून जीआय. सळईही जात नसेल तर दोन इंच डावी-उजवीकडे सरका, खिळ्यांचं अंतर मोजून-मापून सारखंच असायला हवं असं काही नाही.

आमच्या सोसायटीत पोडियम गार्डन आहे. तिथे लावता येईल?

थांबा. इथे अजिबात घाई करू नका.

पोडियम म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर टाकलेली बाग, घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये आता सर्रास असते. वरून लॉन दिसतं, खाली माती, मग कापड, मग पाणी जायला ड्रेन सेल, मग सिमेंटचा थर आणि त्याखाली वॉटरप्रूफिंग. आता हिशोब: ४ इंची पट्टी, तिच्या तळातून १० इंची खिळा ४५ अंशात ठोकला तर तो आणखी ७ इंच खाली जातो. झाले ११ इंच. आणि लॉनखाली माती बऱ्याच ठिकाणी फूटभरच असते, कडेला त्याहून कमी. फूटभर माती आहे म्हणून एक हातोडा जास्त मारला की ड्रेन सेल फुटला, त्याच्या खाली गेला तर वॉटरप्रूफिंगला भोक.

ओळखीतल्या एका सोसायटीत हेच झालं, नाव नको. बागेच्या ठेकेदाराने एका दुपारात शंभरेक खिळे मारून टाकले, काम झकास दिसत होतं. पावसाळ्यात खाली पार्किंगमध्ये गाड्यांवर पांढरे ओघळ, चुन्याचे, रंग खाणारे. मग कमिटी म्हणते ठेकेदार जबाबदार, ठेकेदार म्हणतो वॉटरप्रूफिंग आधीच खराब होतं, आणि सिद्ध करायचं तर अख्खं लॉन उचलून बघायचं.

पोडियमवर एल आकाराची, रुंद पाय असलेली पट्टी घ्या, पेव्हरसाठी मिळते ती. तिचा पाय वाफ्याच्या मातीखाली दाबायचा, वर विटा किंवा गोटे ठेवायचे, वजनानेच ती धरून राहते. खुंट्या लागल्याच तर ४ इंचापेक्षा लांब नको आणि चर उथळ. मातीची खोली बघायला बांबूची बोथट काठी वापरा, पहार नाही. आणि कमिटीला आधी लेखी सांगा, ड्रॉइंग मागा.

पट्टी लावल्यावर हरळी थांबेल ना?

हरळीची मुळी ती, म्हण काय उगाच पडली नाही. ती दोन्हीकडून येते, जमिनीवरून सरपटत आणि जमिनीखालून. खालच्या मुळ्या बहुतेक वरच्या चार-सहा इंचात असतात म्हणून ६ इंची पट्टी त्यांना बऱ्यापैकी अडवते. वरून उडी मारून येणारे धागे मात्र पंधरा दिवसांनी कात्रीने कापावेच लागणार. बसवायच्या आधी वाफ्यातली हरळी मुळासकट काढली नाहीत तर तुम्ही तिला कुंपण घालून दिलंत एवढंच.

लव्हाळ्याचं नाव काढू नका. त्याच्या गाठी खोल असतात, एकीला दुसरी जोडलेली, आणि त्याचं टोक इतकं टोकदार की शेतात मल्चिंगचा प्लास्टिक कागद फोडून वर येतं. पट्टी त्याला काहीही करत नाही. खुरपं घेऊन बसा, आणि गाठ निघाली पाहिजे, नुसती पात ओढून उपयोग नाही.

मेक्सिकन लॉन सावकाश पसरतं, त्याला अडवणं सोपं, फक्त ते पट्टीशी येऊन उशीसारखं फुगतं, तेवढं दाबून कापत राहायचं.

झाडाभोवती गोल आळं करायचंय, किती लांब?

खोडापासून निदान एक मीटर, जमलं तर जास्त. मोठ्या मुळीवर कुदळ बसली तर पट्टी तिथे वळवा, मुळी कापू नका. आणि पट्टी लावून आत माती खोडापर्यंत चढवण्याची जी फॅशन आहे ती झाडाला घातक, साल ओली राहून कुजते. आळं म्हणजे खड्डा, ढीग नाही.

खणताना जमिनीखाली काही लागेल का?

लागू शकतं. कंपाऊंडच्या कडेने महानगर गॅसची पाइपलाइन असू शकते, महावितरणची केबल असते, बागेच्या दिव्यांची वायर तर इलेक्ट्रिशियनने चार इंचावरच टाकलेली असते. सोसायटीच्या मॅनेजरला आधी विचारा, भिंतीवर गॅसची खूण कुठे आहे आणि पाईप कुठून वर येतो ते बघून अंदाज घ्या. खणताना पिवळा किंवा नारिंगी पाईप किंवा इशाऱ्याची पट्टी दिसली की काम बंद, पाईप बहुतेक प्लास्टिकचाच असतो, कुदळीने सहज फुटतो. अशा ठिकाणी सळई ठोकणं तर सोडूनच द्या.

घुशी येतात, त्या थांबतील?

नाही हो. घूस फूटभर खालून बोगदा काढते, तिला सहा इंचाचं प्लास्टिक म्हणजे काय. उलट नव्याने भुसभुशीत झालेला चर तिला आवडतो, म्हणून माती दाबून भरा. बिळं असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त, मग पट्टी.

पावसात मोठ्या शंखी गोगलगायी दिवसा पट्टीच्या सावलीत चिकटून बसतात. हा मला फायदाच वाटतो, संध्याकाळी टॉर्च आणि जुना डबा घेऊन एका रेषेत वेचता येतात. हातमोजा घाला, लहान मुलांना वेचायला लावू नका.

ट्रिमरने पट्टी खराब होते का?

होते. नायलॉनची दोरी पट्टीची कड चावून चावून झिपऱ्या करते. कडेचं गवत कात्रीने किंवा विळ्याने. माळीदादांना एकदा प्रेमाने सांगा, दुसऱ्यांदा चहा देऊन सांगा.

माळीबुवाच लावून देतो म्हणतायत, देऊ का?

द्या, पण तीन गोष्टी ठरवून. पाणी कुठून बाहेर जाणार ते त्यांनी आधी दाखवायचं, खिळे किती लावणार ते मोजून सांगायचं, आणि माती भरायच्या आधी तुम्हाला बोलवायचं. मातीखाली झाकलेलं काम नंतर कोणी उघडून बघत नाही, हे त्यांनाही माहीत असतं.

भाड्याच्या घरात लावावी का? जाताना काढता येते?

येते. पाणी टाकून माती मऊ करा, खिळे मागच्या मागे ओढा, पट्टी एका टोकापासून उचलत जा. धुऊन मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा, घट्ट नको. उरलेले फूट-दोन फुटाचे तुकडे टाकू नका, कढीपत्त्याच्या रोपाभोवती गोल लावले की पाणी देताना माती वाहत नाही. अगदी फुटली असेल तर भंगारवाला एचडीपीई घेतो, पीव्हीसी वेगळी ठेवा.

फक्त खिळे मोजून काढा. लावताना किती लावले ते कुठेतरी लिहून ठेवा, भिंतीवर पेन्सिलने लिहिलं तरी चालेल. माझ्या पहिल्या पट्टीचे एक्केचाळीस होते, काढताना चाळीस निघाले, आणि एक्केचाळिसावा पुढच्या श्रावणात दुर्वा काढायला अनवाणी गेलेल्या आईच्या टाचेला सापडला.